शोमरोनी मनुष्य आणि नवी परिचारिका
(गांवच्या मंडळ्यांकरितां अभ्यासपाठ)



आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांतून कितीतरी मुली, आणि अलीकडे कांहीं मुलगेही, परिचर्येचें शिक्षण पुरें करून इस्पितळांत नोकरीस लागत असतात. मुलगी निघते त्या दिवशीं मंडळी प्रार्थना करिते, आई पेटींत नवीं कापडें घालिते, पाळकसाहेब आशीर्वाद देतात, आणि एस. टी. वळणाआड गेली म्हणजे आपलें काम संपलें असें समजून आपण घरीं परततों. परंतु तिचें अर्धें शिक्षण पुढेंच असतें. विद्यार्थिनी असतांना तिच्या मागें शिक्षिका उभी असे; हात चुकूं लागला तर तो धरणारें कोणी होतें. आतां रात्रपाळीस सारा वॉर्ड तिच्या स्वाधीन होतो, आणि पहांटे तीन वाजतां एखाद्या म्हाताऱ्याचा श्वास जड झाला तर तें प्रथम तिलाच कळलें पाहिजे. तिला तें कळलें नाहीं, तर सकाळीं येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या विद्येचा त्या म्हाताऱ्यास कांहीं उपयोग होत नाहीं.

म्हणून या पाठांत नव्या परिचारिकेच्या कामाचा विचार आपण शास्त्राच्या प्रकाशांत करूं. हा पाठ केवळ तिच्यासाठीं नाहीं. तिच्यापुढें येणाऱ्या कांहीं अवघड परीक्षा आपण गांवचे लोकच उभ्या करितों, हें पुढें दिसून येईल. उपदेशकांनीं प्रथम लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांतील २५ पासून ३७ पर्यंतचीं वचनें सभेंत सावकाश वाचून दाखवावीं.

हा दृष्टांत आपल्या इतक्या परिचयाचा आहे कीं त्यांतली दया तेवढी आपल्या लक्षांत राहते, आणि त्या दयेची रीत नजरेंतून निसटते. त्या शोमरोनी मनुष्यानें घायाळास पाहिलें; तो त्याच्या जवळ गेला; तेल व द्राक्षारस ओतून त्यानें जखमा बांधल्या; उतारशाळेंत नेऊन रात्रभर त्याची काळजी घेतली व दुसऱ्या दिवशीं पैसे आणि सूचना देऊन त्यास उतारशाळेच्या रक्षकाच्या स्वाधीन केलें; आणि परत येण्याचें वचन दिलें. पाहणें, जवळ जाणें, बांधणें, सोपविणें, पुन्हां येणें, अशीं हीं पांच कामें होत. यांपैकीं एक जरी गळलें असतें, तरी तो वाटसरू कदाचित् वांचला नसता. नव्या परिचारिकेस पहिल्या दिवसापासून हींच पांच कामें शिकावीं लागतात.

या सेवेचा पूर्ववृत्तांत

रोग्यांची शुश्रूषा ही मंडळीची जुनी सेवा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १६ व्या अध्यायाच्या आरंभीं पौल फिबी नांवाच्या बहिणीची शिफारस करितो. ती किंख्रिया येथील मंडळीची सेविका होती, आणि तिनें पुष्कळांस, खुद्द पौलासही, साहाय्य केलें होतें.

पुढें इ. स. १८३६ मध्यें, जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं कैसर्सवर्थ येथें, थिओडोर फ्लीड्नर या पाळकानें व त्याची पत्नी फ्रीडरिक हिनें ही सेविकांची परंपरा नव्यानें सुरू केली. त्यांची मंडळी लहान व गरीब होती. तेथें साध्या घरच्या मुलींस रोग्यांची निगा राखण्याचें पद्धतशीर शिक्षण मिळूं लागलें. इ. स. १८५१ मध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई तेथेंच कांहीं महिने शिकावयास राहिल्या. त्या श्रीमंत घरच्या होत्या, आणि मुलीनें असलें काम करावें हें घरच्यांस मुळींच रुचत नव्हतें. तरी १८५४ मध्यें त्या ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्थानांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत गेल्या, आणि १८६० मध्यें त्यांच्या नांवाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत उघडली. एका गरीब मंडळीच्या पाळकानें लाविलेलें रोप किती दूरवर फांद्या पसरतें, हें यावरून ध्यानांत येईल.

आपल्या देशांतही हें काम पुष्कळ ठिकाणीं मिशनच्या इस्पितळांतून वाढलें. डॉ. विल्यम वॉनलेस हे १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले, १८९४ मध्यें त्यांनीं मिरजेस इस्पितळ उघडलें, आणि १८९७ मध्यें तेथें परिचारिकांच्या शिक्षणास आरंभ झाला. दक्षिणेंत वेल्लोर येथें डॉ. आयडा स्कडर यांनीं १९०९ मध्यें परिचारिकांची शाळा काढिली, आणि १९४६ मध्यें तेथें परिचर्येच्या पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या काळीं परक्याच्या अंगास हात लावणें, घाण काढणें, रात्रीं घराबाहेर राहणें हें सारें हलकें समजलें जाई. म्हणून उच्चवर्णीय घरांतील मुली या कामास क्वचितच येत, आणि हा भार बहुतांशीं ख्रिस्ती मुलींनीं व विधवांनीं उचलला. ज्यांस समाजानें शिवूं नये म्हणून दूर ठेविलें होतें, त्यांच्याच लेकींच्या हातून पुढें साऱ्या जातींच्या लोकांनीं पाणी प्यालें व औषध घेतलें. हा वारसा घेऊनच आपली मुलगी वॉर्डांत पाऊल टाकिते.

१. पाहणें

याजक व लेवी यांनींही त्या घायाळास पाहिलेंच होतें. परंतु त्यांचें पाहणें डोळ्यांपुरतें राहिलें. इस्पितळांतही असें पाहणें असतें. रोग्याच्या खाटेजवळून दहा वेळां जाणारी परिचारिका त्यास एकदांही पाहत नाहीं, असें घडूं शकतें.

नव्या परिचारिकेनें नाडी, श्वास, ताप व रक्तदाब हे प्रत्यक्ष मोजून लिहावे. अंदाजानें किंवा मागचा आंकडा पाहून लिहूं नयेत. प्रौढ मनुष्य स्वस्थ असतांना त्याची नाडी मिनिटास सुमारें ६० ते १०० वेळां चालते व श्वास १२ ते २० वेळां होतो. श्वास मोजण्यास पुरें एक मिनिट लागतें, आणि त्या एका मिनिटाचा कंटाळा येऊन पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक रोग्यापुढें २० हाच आंकडा लिहिला जातो. ही लहान लबाडी नव्हे. दुखणें बळावूं लागलें म्हणजे पुष्कळदां श्वासाची गतीच सर्वांआधीं बदलते. तो आंकडा खोटा लिहिला, तर धोक्याची घंटा आपणच बांधून ठेविली असें होतें.

आंकड्यांखेरीजही पाहण्यासारखें पुष्कळ असतें. काल बोलणारी बाई आज गप्प कां? याच्या लघवीची बाटली सकाळपासून रिकामी कां? ही सारखी उशीवरून उठून कां बसते? असे प्रश्न मनांत उठणें हीच परिचर्येची खरी दृष्टि होय, आणि ती पुस्तकापेक्षां खाटेजवळ अधिक मिळते.

पहिल्या आठवड्यांत वॉर्डही पाहून ठेवावा. प्राणवायूचा सिलिंडर कोठें आहे, त्याची चावी कोठें टांगलेली असते, श्वास किंवा हृदय बंद पडल्यास लागणारीं औषधें कोणत्या तबकांत आहेत, रात्रीं कोणत्या डॉक्टरांस बोलवावयाचें, आग लागल्यास कोणत्या वाटेनें रोग्यांस न्यावयाचें, हें सर्व एका लहान वहींत लिहून खिशांत ठेवावें. संकट आलें म्हणजे शोधाशोध करण्यास वेळ नसतो.

२. जवळ जाणें

शोमरोनी व यहूदी यांचें एकमेकांशीं वैर होतें. तरी तो जवळ गेला. परिचारिकेपुढें जो रोगी येईल तो तिचा शेजारी. त्याची जात, त्याचा धर्म, त्याचा पक्ष, त्याची ऐपत हीं औषधाच्या कागदावर नसतात, आणि तिच्या मनांतही नसावीं. कैदी, दारूबाज, क्षयी, एड्सचा रोगी, स्वतःस जाळून घेतलेली सून, यांपैकीं कोणाच्याही खाटेजवळ जातांना तिचें पाऊल अडखळूं नये. त्यांच्या अपराधाचा न्याय करण्यास तिला नेमिलेलें नाहीं.

जवळ जातांना नांवानें हांक मारावी व आपलें नांव सांगावें. "काका, मी आपला रक्तदाब पाहतें हं," एवढें बोलून मग हात लावावा. पडदा ओढल्यावांचून कोणाचें अंग उघडें करूं नये. गांवच्या वृद्ध स्त्रीस आजाराइतकीच लाजही छळत असते, हें गांवच्या मुलीस कोणी शिकवावें लागूं नये.

परंतु जवळ जाणारा हात स्वच्छ नसेल, तर दयाच घातक होते. इ. स. १८४७ मध्यें व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनीं असें ताडलें कीं, शवांची चिरफाड करून आलेले डॉक्टर व विद्यार्थी आपल्या हातांनींच बाळंतिणींस मरण आणीत आहेत. त्यांनीं सर्वांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें, आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. तरी त्यांच्या काळच्या पुष्कळ विद्वानांस आपले हात दोषी आहेत हें मानवलें नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग सांगितले आहेत: रोग्यास शिवण्यापूर्वीं; सुई, नळी, जखम यांसारखें निर्जंतुक काम करण्यापूर्वीं; रक्त, पू, लघवी इत्यादिकांशीं संबंध आल्यावर; रोग्यास शिवल्यावर; आणि त्याच्या खाटेभोंवतालच्या वस्तूंस शिवल्यावर. साबण व पाणी असल्यास सर्व मिळून ४० ते ६० सेकंद, आणि हातास चोळावयाचें अल्कोहोलयुक्त द्रावण असल्यास २० ते ३० सेकंद लागतात. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यांतून सुटका होत नाहीं. एकच मोजा घालून चार रोग्यांस हात लाविला, तर तो मोजा परिचारिकेचें रक्षण करितो, पण रोग्यांचा घात करितो.

३. बांधणें

तेल व द्राक्षारस हे त्या काळचे जखमेवरचे माहितीचे उपचार होते. शोमरोन्यानें आपणांस ठाऊक असलेलें व जवळ असलेलें औषध वापरिलें. घायाळाच्या देहावर प्रयोग केला नाहीं. औषध देणें हें नव्या परिचारिकेचें सर्वांत भयावह काम आहे, आणि तें भय कांहीं अंशीं तिच्या अंगीं राहिलेलेंच बरें.

प्रत्येक औषधापूर्वीं पांच गोष्टी ताडून पाहाव्या: रोगी तोच काय, औषध तेंच काय, प्रमाण तितकेंच काय, तें तोंडानें, शिरेंतून कीं स्नायूंत द्यावयाचें, आणि वेळ तीच काय. रोगी ओळखण्यास खाटेचा क्रमांक पुरत नाहीं, कारण खाटा बदलतात. आपल्याकडे एका वॉर्डांत दोन शांताबाई सहज असतात. म्हणून पुरें नांव व नोंदणीचा क्रमांक, अशा दोन खुणा पाहाव्या. "तुम्ही शांताबाईच ना?" असें विचारूं नये, कारण ग्लानींत असलेला रोगी कशासही "होय" म्हणतो. "बाई, आपलें पुरें नांव सांगा," असें विचारावें.

एक उदाहरण घेऊं. मधुमेहाचें इन्सुलिन आपल्या देशांत मुख्यतः दोन शक्तींचें मिळतें: एका मिलिलिटरांत ४० एकक असलेलें व १०० एकक असलेलें. दोहोंच्या पिचकाऱ्या निरनिराळ्या असतात. ४० च्या पिचकारीस बहुधा लाल टोपण व १०० च्या पिचकारीस नारिंगी टोपण असतें. १०० एककांचें इन्सुलिन चुकून ४० च्या पिचकारींत खुणेप्रमाणें भरलें, तर रोग्यास अडीचपट औषध जाईल आणि तो बेशुद्ध पडेल. तसेंच पोटॅशियम क्लोराइडचें दाट द्रावण पातळ न करितां सरळ शिरेंत सोडिल्यास हृदय बंद पडतें. कुपी लहानशीच असते, आणि दिसावयास ती साध्या पाण्याच्या कुपीसारखी असूं शकते.

म्हणून जें वाचतां येत नाहीं, जें समजत नाहीं, किंवा जें प्रमाणाबाहेर वाटतें, तें विचारल्यावांचून देऊं नये. येथें नव्या मुलीची मोठी परीक्षा होते. डॉक्टर मोठे आहेत, घाईंत आहेत, कदाचित् रागावतील, आपण खेड्यांतल्या, इंग्रजी कच्चें, विचारलें तर, "एवढेंही येत नाहीं काय?" असें सर्वांसमोर ऐकावें लागेल. अशा वेळीं तिनें मनाशीं एवढेंच म्हणावें कीं, रागाचे शब्द मी उद्यां विसरेन, परंतु या रोग्यास गेलेलें औषध मला परत काढितां येणार नाहीं. नम्रतेनें म्हणावें, "साहेब, हें प्रमाण मला अधिक वाटतें, कृपा करून पुन्हां पाहाल काय?" तोंडी किंवा टेलिफोनवरून आज्ञा मिळाली, तर ती लिहून घेऊन मोठ्यानें वाचून दाखवावी, व "बरोबर" असें उत्तर आल्यावरच द्यावें. नम्रता म्हणजे मुकाट्यानें बसणें नव्हे.

आणि इतकी सावधगिरी ठेवूनही हातून चूक घडलीच तर? तेव्हां सैतान कानांत सांगतो कीं, कोणी पाहिलें नाहीं, उगाच बोलूं नकोस, नोकरी जाईल. नीतिसूत्रांच्या २८ व्या अध्यायाचें १३ वें वचन या जागीं उघडून वाचावें. अपराध झांकणाऱ्याचें काय होतें व तो कबूल करून सोडणाऱ्यास काय मिळतें, हें तेथें सांगितलें आहे. इस्पितळांत हें सत्य अगदीं देहास लागू पडतें. अधिक इन्सुलिन गेलें हें लगेच सांगितलें, तर साखर देऊन त्या मनुष्यास वांचवितां येतें. लपविलें, तर सकाळपर्यंत वेळ निघून जाते. नोकरी गेली तर दुसरी मिळूं शकते. म्हणून चूक कळतांच प्रथम रोग्याकडे पाहावें, लगेच डॉक्टरांस व वरिष्ठ परिचारिकेस सांगावें, आणि जें घडलें तेंच लिहावें.

स्वतःच्या देहाचीही निगा हवी. यकृतदाहाच्या ब प्रकारावरील लसीचे तीन डोस घेतले आहेत कीं नाहीं, हें कामावर रुजू होतांनाच पाहावें. वापरलेल्या सुईस पुन्हां टोपण घालूं नये. ती लगेच टोंचूं न शकणाऱ्या पांढऱ्या डब्यांत टाकावी. दूषित पट्ट्या व कापूस पिवळ्या पिशवींत, नळ्या व हातमोजे लालमध्यें, आणि कांच निळ्यामध्यें, असा २०१६ च्या नियमांनीं क्रम लावून दिला आहे. यांत आळस केला, तर सुई टोंचते ती कचरा उचलणाऱ्या गरीब बाईच्या हातांत. स्वतःस सुई लागलीच, तर जागा दाबूं नये. साबणपाण्यानें धुवावी व त्याच घटकेस कळवावें. एच. आय. व्ही. च्या बाधेचा संभव असल्यास प्रतिबंधक औषध शक्य तों दोन तासांच्या आंत सुरू करावें लागतें. ७२ तासांनंतर तें सुरू करण्यांत अर्थ राहत नाहीं. तें २८ दिवस घ्यावयाचें असतें. लाजेनें गप्प बसणें हा येथें स्वतःचा घात होय.

४. सोपविणें

शोमरोनी सकाळीं गुपचूप निघून गेला नाहीं. त्यानें उतारशाळेच्या रक्षकास गांठलें, नाणीं दिलीं, काय करावें तें सांगितलें, आणि अधिक खर्च झाल्यास कोण भरील तेंही सांगितलें. या एका वचनांत पाळी बदलण्याची सारी रीत आली आहे.

पाळी संपते तेव्हां पाय दुखत असतात, बस सुटावयाची असते, आणि "सारें ठीक आहे" एवढें बोलून निघावेंसें वाटतें. परंतु पुष्कळ अनर्थ दोन पाळ्यांच्या मधल्या या फटींतूनच शिरतात. म्हणून प्रत्येक खाटेजवळ उभें राहून सोपवावें: याचें नांव काय, आजार काय, आज काय बदललें, कोणतें औषध दिलें व कोणतें राहिलें, कोणत्या तपासणीची वाट आहे, आणि रात्रीं कशावर विशेष लक्ष ठेवावें.

रात्रीं डॉक्टरांस बोलावितांनाही असाच क्रम ठेवावा. मी कोण, कोणत्या वॉर्डांतून व कोणाविषयीं बोलतें. त्याचा पूर्वीचा आजार काय. आतां मला काय आढळलें, आंकड्यांसह. आणि आपण काय करावें अशी माझी विनंति आहे. "साहेब, पेशंट बरा दिसत नाहीं," असें म्हटल्यास झोंपेंतला मनुष्य, "सकाळीं पाहूं," म्हणेल. "श्वास मिनिटास ३४ आहे, तासापूर्वीं २२ होता, ओंठ निळसर दिसतात, आपण आतांच यावें," असें म्हटल्यास तो उठून येईल. न आल्यास वरच्या अधिकाऱ्यांस कळवावें, आणि कळविल्याची वेळ लिहून ठेवावी.

५. पुन्हां येणें

पुन्हां येईन असें वचन शोमरोन्यानें दिलें. इस्पितळांत सर्वांत अधिक वेळां मोडलें जाणारें वचन कोणतें असेल, तर "आलेंच हं, दोन मिनिटांत" हें होय. रोगी त्या दोन मिनिटांकडे डोळे लावून बसतो. जें पाळतां येणार नाहीं तें बोलूं नये, आणि बोललें तर परत जावें. जो स्वतः कूस वळूं शकत नाहीं, त्यास सामान्यतः दर दोन तासांनीं वळवावें, नाहींतर पाठीवर व माकडहाडावर जखमा पडतात. या कामास टाळ्या कोणी वाजवीत नाहीं. परंतु ज्या रोग्याची पाठ महिनाभर निजूनही निकोप राहिली, त्याची ती पाठच परिचारिकेचें प्रशस्तिपत्र होय.

तरी शोमरोनी त्या उतारशाळेंत कायमचा राहिला नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. त्यानें आपला वांटा केला व पुढील काम दुसऱ्यावर विश्वासानें टाकिलें. नवी परिचारिका पहिल्या मृत्यूनें खचून जाते. अन्न गोड लागत नाहीं, आणि मीच कांहीं कमी केलें काय, असा प्रश्न रात्रंदिवस छळतो. तिनें अशा वेळीं वडील सहकारिणीजवळ मन मोकळें करावें, झोंप व जेवण सोडूं नये, आणि तारणारा प्रभु आहे, आपण त्याचे हात आहों, हें आठवावें. कांहीं रोगी बरे होत नाहींत. त्यांच्या ओंठांस पाणी लावणें, वेदना कमी करणें व हात धरून बसणें, हेंही पुरें काम आहे.

साक्षीविषयीं दोन शब्द. त्या दृष्टांतांत शोमरोन्यानें घायाळास उपदेश केल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. खाटेवर पडलेला मनुष्य उठून जाऊं शकत नाहीं. त्याच्या दुर्बळतेचा लाभ घेऊन त्याच्यावर धर्माचें बोलणें लादणें हें प्रेम नव्हे. त्यानें आपण होऊन प्रार्थना मागितली, तर आनंदानें करावी. एरवीं सत्य लिहिलेला आंकडा, धुतलेले हात, आणि श्रीमंतास व भिकाऱ्यास सारखीच मऊ हांक, हीच परिचारिकेची साक्ष आहे.

गांवच्या मंडळीचें कर्तव्य

आतां आपणांकडे वळूं. ही मुलगी सुटीस घरीं येते, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं दारांत रांग लागते. कोणी म्हणतो, "पोरी, ताप आहे, एक सुई टोंचून दे." कोणी सलाईनची बाटली घेऊनच येतो. तिनें नाहीं म्हटलें, तर "शिकून शेफारली" असें आपण म्हणतों. बंधूंनो, डॉक्टरांच्या आज्ञेवांचून असें औषध देण्याचा तिला अधिकार नाहीं. पेनिसिलीनसारख्या औषधानें एखाद्याचा श्वास कांहीं मिनिटांत कोंडतो, आणि तेव्हां लागणारें अॅड्रिनॅलीन व प्राणवायु आपल्या ओसरीवर नसतात. एक मनुष्य दगावला, तर त्याचें घर उजाड होईल, आणि तिची नोंदणी व अब्रूही जाईल. तिला असल्या मोहांत घालूं नका. तिच्याकडून मागावयाचें तर सल्ला मागा: दवाखान्यांत केव्हां जावें, बाळास कोणत्या लसी द्याव्या, जुलाबांत मीठ-साखरेचें पाणी कसें पाजावें.

दुसरें, अमक्या घरची सून इस्पितळांत कशासाठीं आली होती, हें तिला विचारूं नका. रोग्याचें गुपित ही तिच्याजवळ ठेवलेली ठेव आहे. तें ती फोडूं लागली, तर उद्यां तुमचेंही फुटेल.

तिसरें, पहिल्या पगाराबरोबर साऱ्या घराचें कर्ज तिच्या डोक्यावर घालूं नका. ती परक्या गांवीं खोलीचें भाडें देते, रात्रीं जागते. तिला नीट खाऊं द्या. रात्रपाळी करून दिवसा निजली असतां घरगुती भांडणें टेलिफोनवर सांगूं नका. थकलेल्या हातांनीं चूक होते, आणि ती चूक कोणा परक्याच्या आईवर होते.

चौथें, उपदेशकांनीं मुलीस शिकावयास पाठविण्यापूर्वींच एक चौकशी करावी. त्या शाळेस राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे काय? मान्यता नसलेल्या शाळेचा दाखला हातीं असला, तरी नोंदणी होत नाहीं, आणि शेत गहाण टाकून भरलेली फी बुडते. नोकरीस लागतांना नेमणुकीचें पत्र लेखी घ्यावें, आणि मूळ दाखले आपल्याजवळ ठेवून नकला द्याव्या.

शेवटीं, तिला विसरूं नका. महिन्यांतून एकदां मंडळीच्या वतीनें कोणी तरी तिची विचारपूस करावी. ज्या शहरांत ती गेली, तेथील मंडळीच्या पाळकांस पत्र लिहावें, म्हणजे रविवारीं पाळी नसेल तेव्हां तिला बसावयास एक बांक व जेवावयास एक घर मिळेल.

मननासाठीं प्रश्न

१. याजक व लेवी यांचें पाहणें व शोमरोन्याचें पाहणें यांत कोणता भेद होता? आपल्या गांवांत आपण कोणास पाहून न पाहिल्यासारखें करितों?

२. हात धुणें हें शेजारप्रीतीचें काम आहे, असें कां म्हणावें?

३. आज्ञा चुकीची वाटल्यास विचारणें हें अधिकाऱ्यांच्या मानाविरुद्ध आहे काय? नम्रता व भित्रेपणा यांतील भेद उदाहरणानें सांगा.

४. चूक लपविल्यानें रोग्याचें, परिचारिकेचें व मंडळीचें काय नुकसान होतें?

५. सुटीस आलेल्या परिचारिकेवर आपल्या मंडळीनें कधीं अयोग्य भार घातला आहे काय? तो कसा दूर करावा?

६. आपल्या मंडळींतून रुग्णसेवेस गेलेल्यांचीं नांवें सभेंत सांगा, आणि या आठवड्यांत त्यांपैकीं कोणाची विचारपूस कोण करील तें ठरवा.

प्रार्थनेचा विषय: आज रात्रीं ज्या ज्या मुली प्रथमच एकट्या वॉर्ड सांभाळीत असतील, त्यांस प्रभूनें जागे डोळे, स्वच्छ हात व खरें बोलण्याचें धैर्य द्यावें, आणि त्यांच्या स्वाधीन असलेल्या प्रत्येक रोग्याची रात्र सुखरूप सरावी.